सातव्या क्रमांकाचा छंद

दीड वर्षापूर्वी मी एक लेख लिहिला होता, ‘घरबसल्या करता येतील असे दहा छंद’. त्यात सातव्या क्रमांकावर लाकडी कोरीवकाम होतं. त्याला एकशेवीस शब्द दिले होते. ‘एक छोटा चाकू, लाकडाचा तुकडा आणि थोडासा संयम, बस्स, एवढंच लागतं!’ असं मी अगदी उद्गारचिन्हासकट लिहिलं होतं. कंटेंट रायटर म्हणून माझं कामच ते आहे. सकाळी केसगळती, दुपारी म्युच्युअल फंड, संध्याकाळी छंद. लेख गेला, पसंत पडला, पैसे आले.

त्या रात्री मला झोप आली नाही वगैरे काही झालं नाही. छान झोप लागली. पण दोन दिवसांनी भिंडी चिरताना एकदम डोक्यात आलं, अगं, तुझा आज्जा सुतार आहे! साठ वर्षं त्याने हेच केलं. आणि तू आयुष्यात कधी लाकडाला चाकू लावलेला नाहीस. तरी लोकांना सांगतेस, एवढंच लागतं.

तुमच्यापैकी कुणाला लाकूड कोरायला शिकायचं असेल, तर त्या एकशेवीस शब्दांची दुरुस्ती म्हणून हा लेख वाचा. आता माझ्या हातावर तीन खुणा आहेत आणि घरात एक बऱ्यापैकी चाटू आहे. तेवढ्या जोरावर सांगते.

पहिली चूक खरेदीची. मी ऑनलाइन बारा पटाश्यांचा सेट मागवला. दिसायला फार सुंदर. कापडी पाकिटात ओळीने बारा छोटी छोटी पातीं. सहाशे रुपयांत बारा हत्यारं मिळत असतील तर त्यातलं एकही धड नसणार, एवढा हिशोब मला बी.ए. इंग्लिशमध्ये कुणी शिकवला नव्हता. एकाही पटाशीला धार नव्हती. एकीचं तोंड तर पहिल्याच दिवशी वळलं. नवशिक्याला खरं तर एकच चाकू पुरतो. सरळ पात्याचा, दोन-अडीच इंचांचा, मूठभर जाड मुठीचा, चांगल्या पोलादाचा. बाकी सगळं नंतर.

दुसरी चूक लाकडाची. बेंगळुरूत मी राहते त्या गल्लीच्या तोंडाशी फर्निचरचं दुकान आहे. तिथून सागवानाचा तुकडा मागून आणला. साग म्हणजे राजा, असं आपल्या डोक्यात पक्कं असतं ना! पण वाळलेला साग नवशिक्याच्या चाकूला दाद देत नाही, आणि त्यात वाळूसारखे बारीक कण असतात, ते धार खातात. मी जोर लावत गेले. जोर लावला की चाकू सटकतो. सटकला, आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी गेला.

चार टाके पडले. रूममेटने रिक्षात माझ्या हाताला तिचा चांगला दुपट्टा गुंडाळला होता, तो अजून मी तिला भरून दिलेला नाही.

म्हणून हे आधी सांगते, कंटाळा आला तरी वाचा. बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा जास्त कापतो, माणसाला. कारण बोथट चाकूला जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेला हात वेळेवर थांबत नाही. लाकूड धरायच्या हातात कापरोधक हातमोजा घाला. तो सरकत्या धारेपासून वाचवतो, टोक घुसलं तर वाचवत नाही, हेही लक्षात ठेवा. मांड्यांच्या मध्ये लाकूड धरून कधीही काम करू नका. मांडीच्या आतून मोठी रक्तवाहिनी जाते. कोपरं गुडघ्यांवर टेकवा, किंवा लाकूड मांडीच्या बाहेरच्या बाजूला धरा. पलंगावर बसून नको, झोप आल्यावर नको, आणि ‘एवढं एक टोक झालं की उठते’ असं मनात आलं की त्याच क्षणी उठा. माझ्या तिन्ही खुणा त्या ‘एवढं एक’च्या आहेत.

टाके निघाल्यावर एका रविवारी चन्नपट्टणला गेले. बेंगळुरूहून म्हैसूरच्या रस्त्यावर साधारण साठ किलोमीटर. तिथली रंगीत लाकडी खेळणी तुम्ही पाहिली असतील. ती कोरलेली नसतात. लेथवर लाकूड फिरवून घडवतात आणि फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकी आणतात. मला लेथ शिकायचा नव्हता. मला हवं होतं ते लाकूड. कन्नडमध्ये त्याला आले मर म्हणतात, आपल्याकडे तोच काळा कुडा. नाव काळा असलं तरी लाकूड हस्तिदंतासारखं पांढरट, बारीक रेषेचं आणि मऊ. एका कारखान्यात मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये उरलेले तुकडे मागितले. तिथल्या बाईंनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, हसल्या आणि पिशवी भरून दिली. पैसे घेतले नाहीत.

त्या कुड्याला पहिल्यांदा चाकू लावला तेव्हा मला कळलं की सागाशी मी काय करत होते. लाकूड चक्क सोलून निघत होतं. कागदासारखी वळलेली ढलपी मांडीवर पडली. ती मी अजून डबीत ठेवली आहे, हसू नका.

कुडा मिळाला नाही तर शिवण बघा, किंवा पांगारा. पांगारा तर इतका हलका की उचलल्यावर फसवणूक झाल्यासारखं वाटतं. आंबा मध्यम, पण जमतो. शिसवी सुरुवातीला विसरा. प्लायवुड आणि एमडीएफ तर नकोच, त्यात गोंद असतो. आणि खायच्या भांड्यासाठी कण्हेरीची फांदी चुकूनही घेऊ नका, सगळं झाड विषारी आहे. एक मोठी युक्ती म्हणजे ओलं लाकूड. ताजी तोडलेली फांदी वाळलेल्या लाकडापेक्षा कितीतरी सहज कापली जाते. पावसाळ्याआधी सोसायट्यांत झाडं छाटतात, तेव्हा वॉचमनकाकांना विचारून दोन फांद्या घ्या. आंब्याची असेल तर चीक अंगावर उडू देऊ नका.

पहिली वस्तू कोणती करायची? सगळे चमचा म्हणतात. मी म्हणते, चाटू. चमच्याचा खोलगट भाग सरळ चाकूने होत नाही, त्याला वाकड्या पात्याचा चाकू किंवा गोल तोंडाची पटाशी लागते. चाटू सपाट असतो. पिठलं घाटायला, उपमा हलवायला लगेच वापरता येतो. लाकडावर पेन्सिलीने मधली रेघ मारा, तिच्या दोन्ही बाजूंना अर्धाअर्धा चाटू काढा. दांडा जिथे पात्याला मिळतो तिथे करवतीने दोन छोटे छेद द्या, म्हणजे दांडा तासताना फट पात्यात पळत नाही. ही युक्ती मला माहीत नव्हती. माझे पहिले दोन चाटू गळ्यातून फाटले.

इथपर्यंतचं मी यूट्यूब आणि चुकांमधून शिकले. पुढचं घरी गेल्यावर.

घरी मी काही सांगितलं नव्हतं. टाक्यांबद्दल तर अजिबात नाही. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मागे टेबलावर चाकू आणि ढलप्या दिसल्या. आईने विचारलं, ‘ते काय गं?’ मी उत्साहात चाटू उचलून दाखवला. म्हटलं, ‘नवा छंद!’

पप्पा शेजारी बसले होते. ते काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, ‘छंद म्हणं.’ आणि उठून गेले.

तुम्हाला थोडं मागचं सांगावं लागेल. आमचं गाव गडहिंग्लजजवळ. आज्जा गावाचा सुतार. नांगर, कुळव, पाभर, जू, बैलगाडीची चाकं, दारं, चौकटी, पाळणे, सगळं त्याच्या हातचं. बाभळीचं लाकूड तासायचं म्हणजे दगड तासण्यासारखं काम. मोबदल्यात सुगीला बलुतं मिळायचं, म्हणजे शेतकरी देतील तेवढं धान्य. कुणी पायली भरून द्यायचा, कुणी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचा. मागायला जायचं काम लहानपणी पप्पांकडे होतं. पोतं घेऊन खळ्याच्या कडेला उभं राहायचं. कुणी बोलावेपर्यंत उभंच. शाळेतली मुलं त्याच खळ्यावर खेळत असायची. पप्पांच्या डाव्या तर्जनीचं टोक चपटं आहे, तेही तेव्हाचंच. बारा वर्षांचे असताना वाकस लागली. मग ट्रॅक्टर आले, लोखंडी अवजारं आली, आज्जाचं काम आटलं आणि पप्पा जिद्दीने शिकून नोकरीला लागले. पहिल्या पगारात त्यांनी काय आणलं माहिती आहे? स्टीलच्या पळ्या आणि चमचे. आमच्या घरात लाकडी चाटू नाही, तो या कारणाने.

हे सगळं मला तुकड्यातुकड्याने ठाऊक होतं. पण जोडून मी कधी पाहिलं नव्हतं. त्या कॉलनंतर आईने मेसेज केला, ‘त्यांना वाईट वाटलं. मनावर घेऊ नकोस.’ खरं सांगू का, मला राग आला होता. मी काय चोरी केली? उलट पिढीजात कलेकडे परत जातेय, कौतुक करायचं सोडून हे काय! मी इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये ‘तिसऱ्या पिढीची काष्ठकारागीर’ असंही लिहून टाकलं. होय, लिहिलं होतं. पंचेचाळीस लाइक्ससुद्धा आले.

मे महिन्यात घरी गेले ती चाकू आणि अर्धवट चाटू घेऊनच. आज्जा आता चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे. हात थरथरतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही बारीक दिसत नाही. तो सोप्यात बसला होता. मी चाटू त्याच्या हातात दिला. त्याने पाहिलाच नाही. डोळे मिटून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग उलट.

‘कुडा व्हय?’

नुसत्या हाताने ओळखलं. मी आ वासून बघत राहिले.

‘हितं उलटं मारलंयस,’ तो म्हणाला. गळ्याच्या जवळ जिथे माझ्याच्याने कितीही केलं तरी खरखर जात नव्हती, बरोबर तिथे बोट. ‘रेघ बघ की. खाली कुठं जातीया? तिच्याबरोबर खाली उतरायचं. चढायचं न्हाई. अडलं की चाकू दामटायचा न्हाई, लाकूड फिरवायचं.’

तेवढंच. तुम्हालाही यापेक्षा मोठा धडा मी देऊ शकत नाही, म्हणून नीट समजावते. लाकडाचे तंतू एका दिशेने धावतात, पेंढीतल्या काड्यांसारखे. चाटूचा दांडा जाड भागाकडून बारीक भागाकडे तासला तर चाकू काड्यांच्या टोकांवरून सफाईने उतरतो. उलट दिशेने गेलं तर पातं दोन काड्यांच्या मध्ये घुसतं आणि त्या उचकटतात. तीच ती खरखर. वळणाच्या भागात दोन्ही बाजूंनी खोलाकडे यायचं आणि मध्ये थांबायचं. सहा महिने मी चाकूला दोष देत होते.

आज्जाने मग दोन पकडी दाखवल्या. एक, चाकूच्या पाठीला डाव्या अंगठ्याने मागून हळूहळू रेटा द्यायचा, त्यामुळे पातं पाव इंचच पुढे जातं आणि जागेवर थांबतं. दुसरी, बटाटा सोलतो तसं स्वतःकडे ओढायचं, पण अंगठा पात्याच्या वाटेच्या खाली ठेवून. त्याचे हात थरथरत होते. चाकू लाकडाला टेकला की मात्र थरथर कमी व्हायची. पूर्ण जायची असं नाही, कमी व्हायची.

पप्पा बाहेरच्या कट्ट्यावर पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नव्हता.

रात्री जेवणानंतर ते माझ्याशी बोलले. चिडून नाही. म्हणाले, ‘तुला गंमत वाटती ना, वाटू दे. तुझा पगार एक तारखेला जमा होतो. चाटू फुटला तर तू दुसरं लाकूड घेतीस. अण्णांचा कुळव मोडला की आम्ही उपाशी राहायचो. त्यामुळं त्याला तू छंद म्हण, मी म्हणणार नाही. आणि ते कला-बिला लोकांना सांगत जाऊ नको. त्यावेळी कुणी कला म्हटलं नव्हतं. ए सुताराच्या, म्हणायचे.’

मी काय उत्तर देणार? माझ्याकडे अजूनही नाही. मला त्यांचं पटतं आणि तरी चाकू खाली ठेवावासा वाटत नाही. दोन्ही एकाच वेळी. त्या रात्री बायोमधली ती ओळ मात्र काढून टाकली. ती खोटी होती. आज्जाने काम करून पोट भरलं, पप्पांनी त्यातून सुटका करून घेतली, आणि म्हणून मला हौस परवडते. याला तिसरी पिढी म्हणत नाहीत.

सकाळी उठले तर मागच्या दारी पप्पा मोरीजवळ उकिडवे बसलेले. समोर धार लावायचा दगड आणि हातात माझा चाकू. दगडावर पाणी शिंपडायचं, पातं सपाट टेकवायचं, किंचित उचलायचं आणि न थांबता पुढे. दोन्ही बाजूंना सारखं. पस्तीस-चाळीस वर्षांनी हे करत असतील, पण हात कुठे अडखळला नाही. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पातं उलट्या दिशेने दहा-बारा वेळा ओढलं आणि मनगटावरचे केस उडतात का बघितलं. मला पाहून चाकू जमिनीवर ठेवला. ‘काही धार नव्हती याला. बोट तोडून घेशील,’ म्हणाले आणि अंघोळीला गेले.

माझ्या अंगठ्याचा व्रण त्यांनी कधी बघितला होता कोण जाणे.

धारेचं तंत्र मी त्या दिवशी पाहून शिकले ते असं. साधारण हजार नंबरचा पाण्याचा दगड पुरतो. मग चामडी पट्टा, त्यावर बाजारात मिळते ती हिरवी पॉलिशची कांडी घासायची. काम करताना दर अर्ध्या तासाने पट्ट्यावर पातं ओढलं तर दगडाची गरज क्वचितच पडते. पट्ट्यावर नेहमी धार मागे ठेवून ओढा, पुढे ढकललं तर पट्टाच कापला जातो. माझ्या पहिल्या पट्ट्याची गत तीच झाली.

चाटू गावीच पूर्ण केला. पॉलिश पेपर आधी एकशेवीसचा, मग दोनशेचाळीसचा, मग चारशेचा. मध्ये एकदा चाटू पाण्यात बुडवून वाळवायचा. दबलेले तंतू उभे राहतात, ते पुन्हा घासायचे, नाहीतर पहिल्याच पिठल्यात चाटूला दाढी येते. शेवटी तेल. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं लावू नका, त्याला कालांतराने खवट वास येतो. खाण्याचं जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं, ते चांगलं, फक्त सुकायला बरेच दिवस लागतात. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल खायच्या भांड्याला नको, ते लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंची संयुगं घातलेली असतात. आणि तेलाची चिंधी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा.

तो चाटू मी आईला दिला. ती पिठल्याला वापरते. पप्पा अजून स्टीलच्या डावानेच वाढून घेतात. त्यावर घरात कुणी काही बोलत नाही.

सध्या माझं काम ओल्या लाकडावर चालू आहे. सोसायटीत शिवणीची फांदी छाटली, ती मिळाली. यावेळी चमचा, खोलगट, वाकड्या चाकूने. ओलं लाकूड आधी थोडं जाडच ठेवून तासायचं, मग कागदी पिशवीत ढलप्यांसकट घालून सावलीत हळूहळू वाळवायचं. पंख्याखाली किंवा उन्हात ठेवलं तर बाहेरून वाळतं, आतून नाही, आणि फाटतं. दोन-तीन आठवडे धीर धरावा लागतो. मी रोज रात्री पिशवी उघडून बघते, जे करू नये असं सगळे सांगतात.

परवा उघडली तर दांड्याच्या टोकाला केसाएवढी चीर. फोटो काढून मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, रडक्या चेहऱ्यासकट. आईने फुलं पाठवली. काकूने ‘सुप्रभात’. अर्ध्या तासाने पप्पांचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही.

‘टोक उघडं ठेवलंस का?’

‘म्हणजे?’

‘पाणी टोकातनं आधी जातं. तिथनंच चिरतं. अण्णा ओंडक्याच्या दोन्ही टोकांना शेण लावायचे. तुझ्याकडं शेण कुठलं. मेण लाव. चिरलेलं अर्धा इंच कापून टाक आणि मग लाव.’

‘बरं.’

‘आणि मोजा घालून काप.’

फोन ठेवला. स्वयंपाकघराच्या खणात रूममेटच्या वाढदिवसाच्या उरलेल्या मेणबत्त्या होत्या, गुलाबी. त्यातल्या दोन वितळवल्या.